हळदीच्या यादीतला खर्रा

मोठे काका: हळदीचं सामान लिहून रायलो. मांडव, आचारी, बाजावाले झाले. सुपारी-तंबाखू-चुना घोटलेल्या खऱ्याच्या पन्न्या १५० सांगू का २००? पानठेलेवाला आजच सांगा म्हणते.

लहान काका: २०० सांगा भाऊ. मागच्या लग्नात कमी पडल्या तं पाव्हणे केवढे बोलले.

ताई: काका, एकही सांगू नका, हात जोडते. परवा आरोग्य उपकेंद्रात छोटूचं तोंड पाहिलं. तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत, त्याची दोनही जात नाहीत. गालाच्या आत पांढरे पट्टे, कातडी दोरीसारखी चिवट. १९ वर्षांचं पोरगं आहे ते.

मोठी आई: अवो माय! तिखट भाजी सरकवते तं मी म्हणो, पोट्टं जेवनाले नखरे करते.

लहान काका: माह्यासमोर तं तो कधी खात नाही.

ताई: राग मानू नका काका. आठवीत असताना "जा रे, एकशेवीस तंबाखूचा खर्रा घोटून आण" म्हणून त्याला ठेल्यावर कोण धाडायचं? मीही आबांसाठी धाडलंय. पन्नी घोटत घोटत घरी यायचा, त्यातलाच चिमूटभर तोंडात. १८ च्या आतल्या पोराला तंबाखू विकणं २००३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, पण घरच्यांचंच नाव सांगितल्यावर ठेलेवाला कशाला अडवेल?

मामा: मंग मिठी सुपारी ठेवू न. तिच्यात कुठं तंबाखू हाये?

ताई: मामा, छोटूचं तोंड मुख्य म्हणजे सुपारीनंच आवळलंय. तंबाखू नसली तरी सुपारी माणसाला कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्येच सांगितलं. एकदा कडक झालेलं तोंड पूर्ववत होणं फार कठीण. सोडलं तर पुढचं नुकसान कमी होतं, म्हणून घाई करते.

मोठे काका: तुह्यं पटते बाई. पण आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ले दारूबंदी लागली, २०२१ ले उठली. पिनारे थांबले का? एका लग्नानं काय होते?

ताई: गावाचं नाही म्हणत काका, आपल्या तबकाचं म्हणते. मांडवात तबक फिरतं तेव्हा बारा-तेरा वर्षांची पोरं फुकटात पहिली चव घेतात. मोठ्यांच्या हातून मिळतं, म्हणून त्यांना भीती वाटत नाही.

छोटू: ताई, मी दोन दिवस सोडून पाहिला. डोकं दुखलं, झोप नाही. आईवर ओरडलो. मंग घेतला.

ताई: बाळा, ते तुझं वाईट वागणं नव्हतं, निकोटिन सुटताना तसंच होतं. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत जड, मग उतरतं. तलफ आली की थोडा वेळ काढ, पाणी पी, मला फोन कर. १८००-११-२३५६ वर सोडण्यासाठी फुकट सल्ला मिळतो. आणि नागपूरच्या सरकारी दंत रुग्णालयात तोंड दाखवायचंच. ते पट्टे नुसते पाहून सोडायचे नाहीत.

लहान काका: उद्याच नेतो मी. तू येशीन का संगं?

ताई: येते. ७ वाजता स्टँडवर.

मोठे काका: ठेलेवाल्याले नाही म्हणून सांगितलं. तबकात काय ठेवाचं मंग?

मोठी आई: बडीशेप, तीळ, जवस, ओवा भाजून देतो मी. अन् छोटूसाठी हळदीच्या दिवशी बिनतिखटाचं वरण येगळं काढाले लावजा आचाऱ्याले.