डिस्टिलरीचं मळीचं पाणी: फुकट खत की कारखान्याची अडगळ?

ऊसवाला_चिक्कोडी
गाळप सुरू झालं की टँकरवाले बांधावर हजर. 'मळीचं पाणी आहे, फुकट खत, सोडू काय?' माझं मत सरळ आहे. प्रक्रिया करून कंपोस्ट किंवा पोत्यात दिलं तर ते खत. पाइप लावून रानात ओतलं तर ती विल्हेवाट. मळीपासून (साखर काढून उरलेला दाट काळा पाक) एक लिटर अल्कोहोल काढताना 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश, म्हणजे हेच मळीचं पाणी, निघतो. दहाच धरा, तरी रोज 60 हजार लिटर काढणाऱ्या डिस्टिलरीचं रोजचं सहा लाख लिटर झालं. तुमच्या उसाच्या काळजीपोटी कोण टँकर पाठवतंय?

मुरमाड_रान (हुक्केरी)
कृष्णाकाठच्या काळ्या रानात बसून बोलायला सोपं आहे हो. आमच्या मुरमात लागणीआधी नांगरटीत एकदा सोडलं होतं, ऊस झकास आला. त्यात पालाश (पोटॅश) आहे, आणि तो आला कुठनं? आमच्याच उसातनं. साखरेत तो जात नाही, मळीत उतरतो, मळीतनं या पाण्यात. आमचं आम्हाला परत मिळतंय तर नाक का मुरडायचं?

ऊसवाला_चिक्कोडी
नाक नाही मुरडत, माती बघतोय. अथणी-रायबागकडं क्षारपड झालेली रानं जाऊन बघा की. या पाण्याचा सामू (पीएच) 4 ते 4.5, म्हणजे आंबट, आणि बीओडी (घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाते त्याचं माप) लिटरला 40 हजार मिलिग्रॅमच्या पुढं. घरगुती सांडपाण्याचा दोन-तीनशे असतो. एकदा सोडलं म्हणता, पण टँकरवाला दरवर्षी त्याच बांधावर येतो, कारण तिथं कुणी नको म्हणत नाही. मग क्षार साठत जातात आणि विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं होतं. तो रंग सहजासहजी कुजत नाही.

बॉयलरवाला_निपाणी
मी डिस्टिलरीत काम करतो, आतलं सांगतो. हे पाणी आधी डायजेस्टरात, म्हणजे कुजवायच्या बंद टाकीत, घातलं तर त्यातनं गॅस मिळतो, साधारण 60 टक्के मिथेन, तो बॉयलरला चालतो. दुसरा रस्ता म्हणजे पाणी आटवून दाट करायचं आणि बगॅसबरोबर (उसाचा चोथा) जाळायचं. त्या राखेत पालाश उतरतो. तिचंच पीडीएम (मळीतनं काढलेलं पोटॅश) खत होतं, 14.5 टक्के पालाशाचं. 2021 पासून त्याला अनुदान आहे. जानेवारी 2024 मध्ये कारखान्यांनी खत कंपन्यांना हे खत विकायचा दर ठरला टनाला 4263 रुपये. तुमचा टँकर नदीकाठी रिकामा होण्यापेक्षा हे शंभरपट बरं. त्रास आमचा असतो: पालाशाची राख मऊ होऊन ट्यूबांवर बसते, बॉयलर थांबवून खरवडायला लागतं.

मुरमाड_रान (हुक्केरी)
हिशोब करू या. टनाला 4263 म्हणजे 50 किलोचं पोतं 213 रुपयांना, तेही कारखान्याच्या दारात. त्यात पालाश सव्वासात किलो. एमओपीच्या (बाजारातलं नेहमीचं पोटॅश खत) पोत्यात 30. म्हणजे एकाच्या जागी चार पोती वाहायची. वर त्यातलं सगळं सेंद्रिय तुम्ही जाळून टाकलेलं! ऊस आमचा, बगॅस आमचा, आणि राख आम्हालाच विकत?

संकेश्वरची_आक्का
दोघंही नदी विसरलात. हिरण्यकेशी आजरा-गडहिंग्लजकडनं येते, वरची महाराष्ट्रात, खालची कर्नाटकात. मासे मेले की तक्रार कुठल्या राज्यात करायची हाच पहिला वाद. तोवर पाणी पुढं गेलेलं असतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा जोर शून्य विसर्गावर आहे, थेंबही बाहेर नको. मला कंपोस्ट पटतं. प्रेसमडचे (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) ढीग लावायचे, त्यावर हे पाणी फवारायचं, दीड-दोन महिने उलटत राहायचं. सेंद्रियही राहतं, पालाशही. पण यार्डाची जमीन पक्की हवी आणि पावसाळ्यात काम बंद हवं. ते बंद राहतं का, हे रात्री वास घेऊन कळतं.

बॉयलरवाला_निपाणी
आक्का, प्रेसमड आता बायोगॅसवाले मागतात. कंपोस्टला पुरेसा उरेल असं धरून चालू नका.

ऊसवाला_चिक्कोडी
मग ऊस घातलेल्या टनाच्या हिशोबानं सभासदाला पीडीएम सवलतीत द्यावं. पालाश आमचा हे मुरमाडरावांचं म्हणणं मला मान्य आहे, म्हणूनच म्हणतो.

मुरमाड_रान (हुक्केरी)
ते होईल तेव्हा होईल. तोवर मी पाणी घेणार, फक्त लागणीआधी, मातीचा रिपोर्ट बघून, आणि किती लिटर सोडलं त्याची पावती घेऊन.

बॉयलरवाला_निपाणी
पावती? आमच्या गेटवर टँकरची नोंद नीट होत नाही, तुम्हाला बांधावर पावती कोण देणार!