जयललितांना ‘दोषी’ म्हणायचं की नाही?

हिशेबनीस
‘जयललितांवर शेवटी काहीच सिद्ध झालं नाही’ हे वाक्य वारंवार वाचायला मिळतं. मला ते साफ चुकीचं वाटतं. तमिळनाडूच्या मुख्यमंत्री म्हणून 1991 ते 1996 या पहिल्या कारकिर्दीत त्या महिन्याला 1 रुपया पगार घेत होत्या. त्याच काळात त्यांची आणि निकटच्या सहकारी शशिकलांसह तिघांची मालमत्ता 66.65 कोटींवर गेली, असं आरोपपत्र होतं. 27 सप्टेंबर 2014 रोजी बंगळुरूच्या विशेष न्यायालयाने 4 वर्षं कैद आणि 100 कोटी दंड ठोठावला. पदावर असताना आमदारकी गेलेल्या त्या पहिल्या मुख्यमंत्री. विशेष न्यायालयाचा तो निकाल 14 फेब्रुवारी 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बाकी तिघांसाठी पुन्हा लागू केला.

कलमदार
‘बाकी तिघांसाठी’ हे तुम्हीच लिहिलंत, मुद्दा तिथेच आहे. 5 डिसेंबर 2016 ला त्या गेल्या आणि त्यांच्यापुरतं अपील संपुष्टात आलं. त्यांच्या हयातीतला शेवटचा निकाल 11 मे 2015 चा, कर्नाटक उच्च न्यायालयाचा: निर्दोष. स्वतः आरोपीने केलेलं अपील असेल तर दंडापुरतं ते मृत्यूनंतरही चालू शकतं. इथे अपील कर्नाटक सरकारचं होतं, सुटकेविरुद्धचं. मेलेल्या माणसाला फेरविचार याचिका करता येत नाही. मग त्याच्यावर दोष कसा लादणार?

हिशेबनीस
त्या सुटकेचा पाया तपासा. बेहिशेबी मालमत्तेचा हिशेब असा: त्या काळात जमलेली मालमत्ता अधिक खर्च, वजा ज्ञात उत्पन्न, जे उरेल त्याची उत्पन्नाशी टक्केवारी. उच्च न्यायालयाने मालमत्ता 37.59 कोटी धरली आणि उत्पन्न 34.76 कोटी. फरक 8.12 टक्के. सर्वोच्च न्यायालयाच्या 1977 च्या अग्निहोत्री निकालात 10 टक्क्यांपर्यंतचा फरक माफ झाला होता, म्हणून सुटका. पण उत्पन्नात धरलेल्या बँक कर्जांची बेरीज निकालपत्रात 24.17 कोटी छापली आहे. तेच आकडे पुन्हा मांडले की बेरीज येते 10.67 कोटी. 13.50 कोटी कमी केले की उत्पन्न 21.26 कोटीवर येतं आणि फरक सुमारे 77 टक्क्यांवर. इतकी मोठी चूक निकालाच्या कण्यातच असेल, तर त्या सुटकेला किती मान द्यायचा?

कलमदार
बेरीज चुकली, मान्य. पण बाकीचे आकडेही वादाचेच होते. जयललितांचे मानलेले पुत्र सुधाकरन यांच्या 1995 च्या लग्नाचा खर्च सरकारपक्षाने 6.45 कोटी सांगितला, विशेष न्यायालयाने 3 कोटी धरला, उच्च न्यायालयाने जेमतेम 28.68 लाख. बांधकामांचा खर्च सरकारपक्षाच्या 27.79 कोटींवरून उच्च न्यायालयात 5.10 कोटींवर आला. मूल्यांकनात एवढी तफावत असताना बचावाला शेवटपर्यंत बोलू देणं गरजेचं होतं.

दप्तरवाला
बोलू दिलं होतं. सुनावणी पूर्ण होऊन जून 2016 मध्येच निकाल राखून ठेवला होता. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या बाजूने मांडायचं काही उरलंच नव्हतं. शिवाय शशिकलांना शिक्षा झाली ती लोकसेवकाला गुन्ह्यात मदत केल्याबद्दल. त्या चौघांत लोकसेवक एकच होती, जयललिता. मूळ गुन्हा घडलाच नसेल, तर मदत कशाला केली?

आणि उशीर का झाला तेही लिहा. आरोपपत्र 1997 चं. 2001 मध्ये त्या पुन्हा सत्तेवर आल्यावर सरकारपक्षाचे 76 साक्षीदार परत बोलावले, त्यातले 64 फिरले. त्यांच्याच सरकारचे वकील गप्प राहिले. म्हणून नोव्हेंबर 2003 मध्ये विरोधी द्रमुक पक्षाच्या अनबळगन यांच्या अर्जावर खटला कर्नाटकात गेला. ही दिरंगाई झाली नसती तर अंतिम निकाल त्यांच्या हयातीत लागला असता.

कलमदार
दिरंगाईचा दोष त्यांचा असेलही. तरी कर्नाटक सरकारने दंड वसुलीसाठी केलेली फेरविचार याचिका एप्रिल 2017 मध्ये फेटाळली गेली. न्यायालयानेच त्यांच्यापुरता प्रश्न पुन्हा उघडला नाही. आपण ‘शिक्षा झालेली गुन्हेगार’ म्हणू नये.

दप्तरवाला
दंड गेला, जप्ती गेली नाही. दागिने परत मिळावेत म्हणून वारसांनी मागणी केली, ती कर्नाटक उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये फेटाळली: अपील संपलं तरी विशेष न्यायालयाचा जप्तीचा हुकूम उभा आहे. पुढच्याच महिन्यात सुमारे 27 किलो दागिने बंगळुरूहून तमिळनाडू सरकारच्या ताब्यात गेले. ‘शिक्षा’ हा शब्द तुम्ही वगळा हवा तर, ‘भ्रष्टाचाराची मालमत्ता’ हा शब्द वगळता येणार नाही.