अनुभव धागा: बसायची जागा आणि होणारं काम

घरातला कोपरा असो की कंपनीतली केबिन, जागेमुळे काम कुठे अडतं आणि काय केलं की सुटतं, ते लिहा. आकड्यांसकट. 'जागा हवेशीर हवी' वगैरे नको.

वाशी
जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंमी उंच, खुर्चीची बैठक ४५. टायपिंग करताना खांदे वर चढतात आणि मान धरते. बैठकीवर ५ सेंमीची घट्ट उशी ठेवा (मऊ फोम दबतो, उपयोग शून्य) आणि पाय लोंबकळले तर खाली पाट. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी. त्यासाठी लॅपटॉप उचललात तर कीबोर्ड-माऊस वेगळे घ्यावेच लागतात, नाहीतर मानेचं दुखणं मनगटात.

महापे
केबिनमधलं बोलणं शेजारी ऐकू गेलं की लोक आधी भिंत जाड करतात. खोट बहुधा वर असते. जिप्समचं पार्टिशन फॉल्स सीलिंगलाच थांबवलेलं असतं, आवाज वरच्या पोकळीतून पलीकडे उतरतो. पार्टिशन स्लॅबपर्यंत न्या, फ्रेममध्ये ५० मिमी ग्लासवूल (काचतंतूंची गादी), दोन्ही बाजूंना १२.५ मिमी जिप्सम बोर्ड, कडेच्या फटी अकूस्टिक सीलंटने (वाळल्यावरही लवचिक राहणारा भराव) बंद. दोन्हीकडचे स्विचबॉक्स पाठीला पाठ लावून बसवू नका, तिथे भिंत पोकळच राहते. दाराखाली ड्रॉप सील लावा, म्हणजे दार बंद होताच खाली उतरून फट बुजवणारी पट्टी. फोमचे चौकोन चिकटवून आतलं घुमणं कमी होतं, बाहेर जाणारा आवाज नाही. ते विकणारे हे सांगत नाहीत.

घोडबंदर रोड
पश्चिमेची खिडकी पाठीमागे असेल तर दुपारनंतर स्क्रीन चमकते, समोर असेल तर डोळे दिपतात. टेबल काटकोनात फिरवा, खिडकी बाजूला येऊ दे. फुकटचा उपाय.

कोपरखैरणे
पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीपासून टेबल चार बोटं लांब. ओल लागली की टेबलाचा पार्टिकल बोर्ड (दाबलेल्या लाकडी भुशाची फळी) कडेने फुगतो आणि पुन्हा बसत नाही. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर नको, टेबलाखाली स्क्रूने टांगा.

वागळे इस्टेट
महापेकरांचं पटलं, पण सगळ्या फटी बुजवल्यावर हवा येणार कुठून? साधा स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो. सहा जण तासभर बंद खोलीत बसले की कार्बन डायऑक्साइड साठतो, सुस्ती येते आणि दोष दुपारच्या जेवणाला मिळतो. नुसता एक्झॉस्ट लावला तर तो हवा ओढणार कुठून? ताज्या हवेची वाट वेगळी ठेवा: आतून ग्लासवूलचं अस्तर असलेला, दोन वळणांचा डक्ट (हवेची नळी). हवा वळते, आवाज अस्तरात जिरतो.

महापे
बरोबर. आणि डक्ट पार्टिशनमधून जातो तिथे भोवतीची फटही सीलंटने भरा.