खासगी रानातल्या शिकारीने दुर्मिळ प्राणी वाचतात का?

दापोलीकर: काळवीट मूळ आपला. पण 1932पासून तो टेक्सासच्या रँचवर वाढला, आज तिथे हजारोंनी आहे. मालक पैसे घेऊन शिकार करू देतात आणि त्यावरच कळप पोसतात. पाकिस्तानात काळवीट संपला, तेव्हा 1970च्या दशकात परत आणायला तो टेक्सासमध्येच मिळाला. दक्षिण आफ्रिकेत 1991च्या कायद्याने पुरेसं कुंपण घातलेल्या जमिनीवरचं जनावर मालकाचं झालं. आज तिथले निम्म्याहून जास्त पांढरे गेंडे खासगी जमिनीवर आहेत. आपण मात्र शिकारबंदीचा 1972चा वन्यजीव कायदा कवटाळून बसलोय. विरोध जरूर करा, फक्त "पाप लागेल" एवढं नको.

वाशिष्ठीकाठ: पाप राहू दे. सहाराच्या ऑरिक्सचं, लांब शिंगांच्या हरणाचं बघा. 2000 साली तो रानातून नामशेष झाल्याची नोंद झाली. टेक्सासच्या कुंपणांत तेव्हाही ऑरिक्स होतेच, पण रानात शून्य! 2016पासून ते आफ्रिकेतल्या चाडमध्ये मोकळे सोडले, त्यात मोठा वाटा अबू धाबीचा. शिकाऱ्याच्या पैशावर झालेलं काम नाही ते. रँचवाला शिंगं बघून पैदास करतो, धंदाच आहे तो. आणि गेंडे? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शंभराच्या आत उरलेले पांढरे गेंडे दक्षिण आफ्रिकेतल्या उम्फोलोझीच्या सरकारी राखीव रानात वाचले. मालक मागाहून आले. सगळ्यात मोठ्या खासगी मालकाने शिंगांचा बाजार उघडेल या आशेवर कळप वाढवला, पण खर्च झेपेना. 2023मध्ये 'आफ्रिकन पार्क्स' या संवर्धन संस्थेने त्याचे 2000 गेंडे घेतले.

दापोलीकर: आधी सरकारी रान, कबूल. पण 1968ला शिकार खुली झाली म्हणून तर जमीनमालक गेंड्यांना जागा देऊ लागले. नाहीतर गुरंच पाळली असती त्यांनी.

सावंतवाडीचो: गेंडो रवांदे थंय. माझ्या माडार केलडी (माकडां) चढतत, अडसरां फोडतत, तेचा काय ता सांगा.

कातळसडा: कोकणात रँच काढायची तर आधी सातबारावरच्या सगळ्या चुलत्यांच्या सह्या आणा. निम्मे मुंबईला, दोघांचं आपसात बोलणं बंद. तोवर गेंडा म्हातारा होईल 😄
गमतीचं सोडा. मालक एकटा असण्यापेक्षा गाव बरं. गिलगिट-बाल्टिस्तानात मारखोर या रानबोकडाच्या शिकारीचे परवाने कोट्यवधी रुपयांना जातात, त्यातले 80 टक्के स्थानिक लोकांना मिळतात. म्हणून गावच चोरट्या शिकाऱ्यांना अडवतं. आणि आपल्या रत्नागिरीतल्या वेळासच्या किनाऱ्यावर तर काहीच मारावं लागलं नाही. पूर्वी कासवांची अंडी उकरून न्यायचे. 2002पासून घरटी राखायला लागले, आता पिल्लं बघायला आलेल्या पाहुण्यांच्या राहण्याजेवणाचे पैसे घरात येतात.

दापोलीकर: वेळासचं कासव कोणाचं भात खात नाही हो. रानडुक्कर बघायला कोण पाहुणा येणार?

वाशिष्ठीकाठ: रानडुक्कर दुर्मिळ कधी झालं? पिकाची नासधूस हा खरा त्रास आहे, त्यासाठी भरपाई वेळेवर मागा, वनखात्याचा परवाना मागा, मी सही करतो. पण डुकराच्या आडून काळविटाचा लिलाव मांडू नका.