सफरचंदाचे डोळे उठतच नाहीयेत, सायटोकायनिन (डोळे फोडायला लावणारं हार्मोन) मारू का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, एक सफरचंद आणि एक पीच अशी दोन झाडं आहेत आणि दोघांचीही रड सारखीच. थंडी जाऊन महिना होऊन गेला तरी सफरचंदाच्या प्रत्येक फांदीचा फक्त टोकाचा डोळा फुटलाय, त्याखाली हातभर नुसती काठी. डोळे मेलेत म्हणावं तर तेही नाही, एक ब्लेडने उभा चिरून बघितला तर आत तांदळाच्या कणीएवढा हिरवागार ओला गाभा, नखाने साल खरवडली तरी खाली हिरवंच. म्हणजे जिवंत आहेत, फक्त उठत नाहीत.

मला समजलंय ते असं की डोळ्यातलं ॲब्सिसिक ॲसिड (डोळ्याला झोपवून ठेवणारं हार्मोन) थंडीत हळूहळू उतरतं, मग जिब्रेलिन (वाढीचं हार्मोन) वगैरेचा जोर वाढतो आणि डोळा फुटतो, थंडी कमी पडली की सगळं अर्धवट राहतं. मी थर्मामीटर लावून रोज लिहून ठेवत होतो, ७ डिग्रीच्या खाली जेमतेम ३०० तास भरले. ॲना जातीला तेवढे पुरतात, पण बऱ्याच जातींना ८०० ते १००० लागतात आणि माझी जात कुठली कोण जाणे, लेबल केव्हाच पावसात धुऊन गेलंय.

गेल्या वर्षी शहाणपणा करून पानं आल्यावर जीए३ (जिब्रेलिनच ते) मारलं होतं. पावडर डायरेक्ट बादलीत टाकली, ती मस्त वर तरंगत बसली, ढवळून ढवळून हात दुखले, नंतर कळलं की आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवायची असते. फांद्या सुटल्या मात्र जोरात, लांब लांब पेरांच्या काटकुळ्या, आणि यंदा फूल औषधालाही नाही.

तर आता ६-बीए, म्हणजे सायटोकायनिनच, आणलंय. सगळ्या झाडावर मारू की फक्त डोळ्यांना लावू? आणि हायड्रोजन सायनामाइडने (डोळ्यांची झोप मोडायचं रसायन) एकसारखी फूट येते म्हणतात, ते करू का?

---

दादा, सायनामाइड विसरा. एक तर ते हार्मोन नाही, आणि ते मारायचं तर डोळे फुटायच्या साधारण महिनाभर आधी, आता मारलं तर फुटलेले शेंडे जळतील. शिवाय विषारी आहे, आणि फवारणीच्या आगेमागे दारूचा घोट जरी गेला तरी माणूस आजारी पडतो.

जीए३ ने फूल गेलं त्यात नवल नाही, पुढच्या वर्षाची फुलकळी धरायच्या वेळेला जिब्रेलिन आडवं येतं.

तुमच्याकडे मला दोन भानगडी एकत्र दिसतायत. थंडी कमी पडली ती एक, आणि जागा झालेला शेंडा वरून ऑक्झिन (शेंड्यात तयार होणारं हार्मोन) सोडून खालच्यांना दाबतोय ती दुसरी. पहिलीवर आता फार इलाज नाही, दुसरीवर बीए चालतं. पण ते पाण्यात विरघळत नाही हां, परत बादली ढवळत बसाल. लॅनोलिनमधली (लोकरीच्या मेणातली) पेस्ट मिळाली तर काडीच्या टोकाने हव्या त्याच डोळ्यावर टिकलीएवढी लावा. किंवा काही न लावता डोळ्याच्या अगदी वर सालीला लाकडापर्यंत बारीक खाच द्या, वरून येणारं ऑक्झिन तिथेच अडतं. खाचेलाही थोडा उशीरच झालाय, पण बघा.

---

धन्यवाद ताई! दोन फांद्यांना खाच, दोनला पेस्ट आणि दोन तशाच ठेवतो, म्हणजे कशाने काय झालं ते तरी कळेल. पीचलाही खाच देऊ ना?

---

नको नको, पीचला जखम झाली की डिंक गळत बसतो. त्याची फांदी दोरीने बांधून आडवी करा, शेंड्याचा तोरा आपोआप उतरतो.