पोट, छाती, कंबर आणि डावीकडचा ‘चंद्र’

जपानी शिकताना डोळा, कान, तोंड यांच्या कांजी (चिनीतून जपानीत आलेली चिन्हं) चित्रासारख्या लक्षात राहतात, पण पोट, छाती, कंबर यांचा गोंधळ उडतो, अशी शिकणाऱ्यांची तक्रार असते. अगदी खरंय. या तिन्ही कांजींच्या डावीकडे चंद्राच्या कांजीसारखा दिसणारा एकच भाग आहे. तो चंद्र नव्हे, ‘निकुझुकी’, म्हणजे मांसाच्या चिन्हाचं आखडलेलं रूप. ते फक्त सांगतं की हा शरीराचा भाग असावा. नेमका कुठला, ते उजवीकडे बघायचं.

कंबरेच्या कांजीत उजवीकडे ‘हित्सुयो’ (गरज) या शब्दातला ‘यो’ आहे आणि कंबरेचा ओन् उच्चारही (म्हणजे चिनीवरून आलेला उच्चार) ‘यो’च! पोटाचा ओन् उच्चार ‘फुकु’. पोटाच्या कांजीचा उजवा भाग ‘फुकुशू’ म्हणजे उजळणी, या शब्दाच्या पहिल्या कांजीत जसाच्या तसा सापडतो. दोन्ही शेजारी लिहून बघा, लगेच दिसेल. चवीच्या कांजीतही डावीकडे तोंड, उजवीकडे ‘मि’ उच्चार देणारा भाग.

आणखी एक, दरवाजाच्या चिन्हात कान म्हणजे ऐकणं, दरवाजात तोंड म्हणजे विचारणं. ही जोडी मात्र एकत्रच गिरवा. सुटी सुटी शिकलात तर वाचताना हमखास अदलाबदल होते.