मदत हवी आहे: बाळंतपणाची रजा संपली, कामावर घेत नाहीत आणि हप्ते थकलेत

पाटलीवाली

नमस्कार. आम्ही भोसरीत भाड्याच्या खोलीत राहतो. मी चाकणच्या एका कंपनीत ठेकेदारामार्फत पॅकिंगला होते. हातात पंधरा हजारांच्या आसपास पडायचे. ईएसआयसी (कामगार विमा) कापला जायचा म्हणून बाळंतपणाचे 26 आठवड्यांचे पैसे व्यवस्थित मिळाले. ते आता संपले. मुलगी सात महिन्यांची होईल. कामावर हजर व्हायला गेले तर ठेकेदार म्हणतो, लाईन भरलीय, जागा झाली की फोन करतो. कागदावर काही देत नाही आणि गेटच्या आत सोडत नाही.

मिस्टर दुसऱ्याचा टेम्पो चालवतात. एखाद्या महिन्यात 14 हजार, एखाद्यात 11.

देणं असं आहे. एका महिन्याचं भाडं राहिलंय. सासऱ्यांच्या ऑपरेशनला मायक्रोफायनान्सचं गटाचं कर्ज काढलं होतं, त्याचा पंधरवड्याला 1,340 चा हप्ता, दोन थकले. माझ्या पाटल्या गहाण आहेत, त्यावर 60 हजार, आणि वर्ष व्हायला दोनच महिने उरलेत. मोबाईलचा ईएमआय वेगळा. किराणावाल्याची उधारी पण आहे, तो बिचारा काही बोलत नाही.

जास्त त्रास गटाचा. वसुलीचा माणूस रात्री साडेआठला येतो, सोबत गटातल्या बायका. त्यांना तरी काय बोलणार, माझा हप्ता त्यांच्या बोकांडी बसतो. परवा मी मुलीला पाजत होते, तर हा बाहेरून म्हणतो, "चप्पल काढून बसतो ताई, मला घाई नाही." आणि खरंच बसला. समोरच्या खोलीतल्या लोकांनी टीव्ही बंद करून ऐकलं.

माझी जाऊ म्हणते मातृवंदना योजनेचे पाच हजार मिळतील. शेजारीण म्हणते लाडकी बहीणचा फॉर्म भर, एक जण 500 रुपयांत भरून देतो. मिस्टरांना मोबाईलवर एक अ‍ॅप सापडलंय, पाच मिनिटांत वीस हजार देतं म्हणे. यातलं खरं काय, आणि आधी कोणाचं द्यायचं? माहेरी सांगायचं नाहीये.

खडूस_काका

आधी ते अ‍ॅप उडवा. बाकीचं नंतर वाचा.

निर्मला_अंगणवाडी

ताई, मी अंगणवाडीत आहे, म्हणून योजनांचं सांगते. वाईट वाटेल, पण खरं सांगितलेलं बरं.

मातृवंदनाचे पहिल्या बाळाला 5,000 असतात, पण ज्यांना कायद्याने बाळंतपणाचा तसाच लाभ मिळालाय त्यांना ते नाहीत. तुम्हाला ईएसआयसीचे मिळाले, विषय संपला. लाडकी बहीणच्या अर्जाची मुदत 15 ऑक्टोबर 2024 ला संपली. तो 500 वाला फक्त तुमचं आधार आणि पासबुकाचा फोटो घेऊन जाईल. मुलगी आहे म्हणून कोणी लेक लाडकीचंही सांगेल. त्यात जन्मानंतर 5,000 आणि पुढे टप्प्याटप्प्याने मिळून एक लाख एक हजार आहेत, पण पिवळं किंवा केशरी कार्ड लागतं आणि घरचं वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं. एकट्या मिस्टरांचंच त्याच्या वर जातं. दाखला "करून देतो" म्हणणारे भेटतील, त्या वाटेला जाऊ नका.

आता जे मिळतं ते. मुलगी सहा महिन्यांची झाली ना? मग तीन वर्षांची होईपर्यंत तिचा घरी न्यायचा आहार अंगणवाडीतून मिळतो. त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. लसीकरणाचं कार्ड आणि आधार घेऊन जवळच्या अंगणवाडीत नाव घाला. माझ्याकडे खोल्यांमध्ये राहणाऱ्या निम्म्या आया येतच नाहीत, त्यांना वाटतं हे गावाकडचं असतं.

रेशनकार्ड कुठलं आहे? गावचं असलं तरी आधार जोडलेलं असेल तर भोसरीच्या दुकानात अंगठा लावून धान्य उचलता येतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो, फुकट. मुलीचं नाव कार्डात चढवा, तिचेही पाच किलो येतात.

टाइम_ऑफिस

मी कंपनीत टाइम ऑफिसला काम केलंय. सगळे कर्जाचं सांगतील, पण तुमचा खरा प्रश्न नोकरीचा आहे. पगार सुरू झाला तर 1,340 चा हप्ता अडणार नाही.

बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला कामावरून काढता येत नाही. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात हे होतंच, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. ठेकेदारांना हे पक्कं माहीत असतं. म्हणून ते "काढलं" असं कधी म्हणत नाहीत, "फोन करतो" म्हणतात. तुम्ही वाट बघत बसायचं, मग चार महिन्यांनी तेच म्हणणार की ही बाई स्वतःच आली नाही.

तर आजच ठेकेदाराला व्हॉट्सअ‍ॅप करा आणि मेलही टाका: "माझी रजा अमुक तारखेला संपली, अमुक तारखेला मी हजर व्हायला आले, मला काम दिलं गेलं नाही, मी आजही काम करायला तयार आहे." मूळ कंपनीच्या एचआरला त्याची प्रत. भाषा साधी ठेवा, रागाचं काही लिहू नका.

दुसरं, पीएफच्या साइटवर यूएएन (तुमचा पीएफचा नंबर) टाकून सर्व्हिस हिस्टरी उघडा आणि नोकरी सोडल्याची तारीख भरलेली आहे का बघा. हे कोणी बघत नाही.

आणि 50 किंवा जास्त कामगार असतील तर पाळणाघराची सोय कंपनीवर बंधनकारक आहे, दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. आत गेल्यावर ते मागा, आधी आत जा.

खडूस_काका

आता कर्जाचं.

भाडं आधी. खोली गेली तर नवीन खोलीचं डिपॉझिट कुठून आणणार? किराणावाल्याला थोडं थोडं देत राहा, असा माणूस परत मिळत नाही. मोबाईलचा ईएमआय सगळ्यात शेवटी. सिबिल खराब होईल, होऊ दे, तुम्ही काही लगेच फ्लॅट घेत नाही आहात.

गटाच्या कर्जाला 2022 पासून रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही. हप्ता ठरलेल्या जागी घ्यायचा. त्या जागी तुम्ही लागोपाठ दोनदा आला नाहीत तरच घरी यायची मुभा. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना त्रास, सगळं बंद. तुमचे दोन हप्ते चुकलेत म्हणून तो घरी येऊ शकेल, पण रात्री साडेआठला येऊन दारात मुक्काम? नाही.

पुढच्या वेळी दार उघडू नका. आतूनच सांगा की गटाच्या बैठकीला येते, तिथे बोलू. आणि बैठकीला खरंच जा, रिकाम्या हाताने असलं तरी. गटातल्या बायकांना तुम्ही तोंड चुकवताय असं वाटलं की त्या त्याच्या बाजूला जातात. शक्य असेल तर दोनशे-तीनशे द्या आणि हप्त्याच्या कार्डावर लिहून घ्या.

मग शाखेत लेखी अर्ज: नोकरी थांबलीय, हप्ता कमी करून मुदत वाढवून द्या. त्याच अर्जात रात्रीच्या येण्याची तक्रार तारखेसह लिहा. पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार, फुकट असते, 14448 वर माहिती मिळते.

मीनल७८

पाटल्यांबद्दल कोणीच बोललं नाही. वर्ष भरायच्या आत व्याज भरून कर्ज पुढे ढकलता येतं का ते शाखेत आत्ताच विचारा. लिलावाची नोटीस आली की मग पळापळ होते. आणि मनाला लागेल असं बोलते, एक पाटली मोडायचा विचार करा. सोनं वर्षभरात चांगलंच वाढलंय. लिलावात गेली तर भाव त्यांचा, आपण सराफाकडे मोडली तर भाव विचारून मोडतो. जोडीतली एक गेली तरी दुसरी घरात येते. मी हेच केलंय, सासूबाई वर्षभर बोलत होत्या.

खडूस_काका

मीनलताईंशी सहमत. फक्त मोडलेले पैसे गटात आणि भाड्यात जायला हवेत, मिस्टरांच्या अ‍ॅपमध्ये नाही.

पाटलीवाली

सगळ्यांचे आभार. पाटल्या आईच्या आहेत, म्हणून माहेरी सांगायचं नव्हतं. मोडायचं बघू, अजून मन होत नाही.

अंगणवाडीत नाव घातलं. आहाराची पाकिटं मिळाली. रेशनकार्ड गावचंच आहे, दीर आधार जोडून घेतोय.

टाइम ऑफिस दादा, यूएएन उघडलं. नोकरी सोडल्याची तारीख टाकलीय, आणि ती मी रजेवर असतानाची आहे! त्या महिन्यात तर मुलगी दीड महिन्याची होती आणि ईएसआयसीचे पैसे खात्यात येत होते. आता काय करू?

टाइम_ऑफिस

हेच हवं होतं. स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ दिसेल असा, आणि प्रिंट घ्या. त्याच महिन्याचं बँकेचं पान काढा, ईएसआयसीची जमा रक्कम दाखवणारं. दोन्ही शेजारी ठेवले की वेगळं समजवावं लागत नाही: ठेकेदाराने काढलं तेव्हा तुम्ही बाळंतपणाच्या रजेवर होतात.

यूएएनवर काहीही बदलायला जाऊ नका, पीएफ काढायचा अर्ज तर मुळीच करू नका. आत्ता पैसे काढले की तुम्ही नोकरी सोडल्याचं स्वतःच कबूल केल्यासारखं दिसतं.

हे जोडून पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्या, ठेकेदार आणि मूळ कंपनी दोघांच्या नावाने. लिहायला मदत हवी तर 15100 वर फोन करा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळतो. बाईला उत्पन्नाची अट नाही, फी नाही.

ईएसआयसीची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना अजून चालू असेल तर तीही आहे, बेकारीत 90 दिवसांपर्यंत निम्मा पगार मिळतो. पण त्यात बेकारीच्या लगेच आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात 78 दिवसांची वर्गणी (पगारातून ईएसआयसीची कपात) लागते, आणि रजेत पगार नाही म्हणून तुमची वर्गणी तिथे कमी भरेल. ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात आकडे काढून घ्या, पण मदार त्यावर ठेवू नका.

पाटलीवाली

सोमवारी जाते. मुलीला घेऊनच जावं लागेल. अर्ज मराठीत चालेल ना?

टाइम_ऑफिस

मराठीतच द्या. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का मारून घ्या. बाराच्या आत पोचा, जेवणाच्या सुट्टीनंतर रांग वाढते आणि पोर कंटाळतं.